जुन्या घरातील अडनिडे स्वयंपाकघर

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबाने जुने घर विकत घेतले की पहिली अडचण जाणवते ती स्वयंपाकघरात. दिवाणखाना कसाही असला तरी निभावून नेता येतो. निजण्याच्या खोलीत दोन खाटा इकडच्या तिकडे करता येतात. परंतु स्वयंपाकघराचा आकार विचित्र असेल आणि सामान ठेवण्यास जागा अपुरी असेल, तर त्याचा त्रास दिवसातून तीन वेळा होतो. बर्नाबी येथील आमच्या घराच्या स्वयंपाकघराची पुनर्रचना करताना जे पाहावे, विचारावे आणि शिकावे लागले, ते आपल्या समाजातील बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

बर्नाबी हे व्हँकुव्हरला लागून असलेले शहर. येथील स्थानिक कारभार १८९२ साली सुरू झाला आणि १९९२ साली त्यास शहराचा दर्जा मिळाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती. १९४६ साली कॅनडा सरकारने घरबांधणीच्या कर्जव्यवहारासाठी मध्यवर्ती महामंडळ स्थापन केले, आणि पुढील काळात लाकडी सांगाड्याची लहान घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. बर्नाबीतील विलिंग्डन हाइट्स ही वस्ती त्याच सुमारास माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वसविण्यात आली. या घरांची बांधणी भक्कम असली तरी स्वयंपाकघराच्या वाट्यास बहुधा उरलेली जागा आलेली दिसते. एका बाजूस तळघराचा जिना, दुसरीकडे मागील दार, तिसरीकडे जेवणाची खोली, आणि मध्येच पुढे आलेला धुराड्याचा चौकोनी खांब! त्यातच त्या काळच्या नव्या वास्तुशिल्पास तिरप्या भिंतींचे आकर्षण होते. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने कॅलिफोर्नियात १९३७ साली हॅना कुटुंबासाठी बांधावयास घेतलेले घर तर मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी आखणीवर उभे आहे. आमच्या घराची योग्यता तेवढी नसली, तरी एक भिंत तिरपी मात्र आहे. लांबी अकरा फूट, रुंदी नऊ फूट, भिंती पाच आणि दारे तीन, असे हे स्वयंपाकघर.

अशा खोलीस दोष देण्यापूर्वी ती कोणासाठी आखली होती, हे ध्यानात घेणे इष्ट होय. आधुनिक स्वयंपाकघराचा आरंभ पुष्कळ जण १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पज्ञ बाईंनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरासाठी केलेल्या आराखड्यापासून मानतात. सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशा त्या खोलीत तांदूळ, साखर यांसारख्या जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे स्वतंत्र खण बसविले होते. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधण्यात आली. पुढे अमेरिकेत चूल, मोरी आणि शीतकपाट यांच्यामधील त्रिकोणाचा नियम रूढ झाला. त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी, असे त्यात सांगितले आहे. हे सर्व विचार शास्त्रशुद्ध आहेत. परंतु त्यांत एकटी गृहिणी, एकच भांड्यांचा संच आणि झटपट होणारा स्वयंपाक गृहीत धरलेला आहे.

आपल्या घरी हे तिन्ही जुळत नाही. शुक्रवारी दुपारी शब्बाथच्या तयारीत सासू, सून आणि नात अशा तिघींचे हात एकाच ओट्यावर चालतात. मांसाची भांडी निराळी, दुधाची निराळी. नारळाचे दूध मांसाबरोबर चालते म्हणून आपल्या पूर्वजांनी कोकणात ते आपलेसे केले. परंतु नारळ खवण्याची विळी, वाटपाचे यंत्र आणि गाळण्याचे पातेले यांसही जागा लागतेच. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा घोटण्यासाठी जाड बुडाचे मोठे पातेले हवे. आणि या सर्वांवर पेसाहची भांडी, जी वर्षातून आठच दिवस बाहेर निघतात व उरलेल्या काळात कोणत्याही भांड्यास लागता कामा नयेत.

आमच्याकडे आलेल्या ठेकेदाराने पहिल्याच भेटीत सुचविले, की मधली भिंत पाडून जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर एक करावे व मधोमध मोठा ओटा घालावा. आजकाल सर्वत्र हीच पद्धत आहे. परंतु भिंत गेली की तिच्यावरची कपाटेही जातात, हे त्या गृहस्थांच्या चित्रात दिसत नव्हते. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला : "पेसाहची पेटी कुठे ठेवायची?" त्यास उत्तर मिळाले नाही. जागा नाही म्हणून प्रथम पेसाहची भांडी तळघरात जातात, मग दुधाची आणि मांसाची भांडी एकाच फळीवर येतात, आणि दोन पिढ्यांत नियमच विस्मरणात जातो. प्रश्न केवळ सोयीचा नव्हता, हे तेव्हा आम्हांस स्पष्ट झाले.

म्हणून आराखडा बाजूस ठेवून आम्ही प्रथम भांड्यांची मोजदाद केली. रोजची, शब्बाथची, सणांची आणि वर्षातून एकदाची असे चार भाग पाडले. रोजची भांडी कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, शब्बाथची त्याखाली, सणांची सर्वांत वर, आणि पेसाहची स्वतंत्र व बंद, एवढा साधा नियम ठरविला. कोकणातील घरात फडताळ, कोनाडा, शिंके आणि उतरंड यांवर सारा संसार मावत असे. तेथे जमिनीपेक्षा उंचीचा उपयोग अधिक होता. तेच तत्त्व येथे लागू पडले.

येथील घरांत ओटा जमिनीपासून ३६ इंच उंच असतो, त्याच्या १८ इंच वर कपाट सुरू होते आणि ते ३० इंच उंचीचे असते. म्हणजे ८४ इंचांवर कपाट संपते. छत मात्र ९६ इंचांवर! मधले बारा इंच पुष्कळ घरांत खोटी पेटी बांधून बंद केलेले असतात. आत नळ वा विजेच्या तारा नाहीत, याची लहान भोक पाडून खात्री करून घेतल्यावर आम्ही ती पेटी काढली आणि कपाटे छतापर्यंत नेली. सणांची पातेली तेथे बसली. खालच्या चोवीस इंच खोल कपाटांतील फळ्या काढून पूर्ण बाहेर येणारे खण बसविले, कारण खोल फळीवर मागे गेलेले भांडे सहसा पुन्हा दिसत नाही. तिरप्या भिंतीस नेहमीचे कपाट लावल्यास दोन्ही कोपरे वाया जातात. तेथे बारा इंच खोलीचे, जमिनीपासून छतापर्यंत फडताळ केले. एका बाजूस मांसाची व दुसऱ्या बाजूस दुधाची भांडी, मध्ये पक्की फळी. आतील भिंतीचे लाकडी खांब सोळा इंचांच्या अंतराने असतात. त्यांच्यामध्ये सुमारे साडेचौदा इंच रुंद व साडेतीन इंच खोल पोकळी मिळते. मसाल्याच्या बाटल्यांसाठी याहून उत्तम कोनाडा नाही. बाहेरच्या भिंतीत मात्र असे करू नये, कारण तेथे थंडी अडविणारे अस्तर असते.

धुराड्याची गोष्ट थोडी निराळी. पाणी तापविण्याचे यंत्र जर त्यातूनच धूर सोडत असेल, तर त्यास हात लावणे जिवावर बेतेल. आमचे धुराडे पूर्णपणे निकामी आहे, असे परवानाधारक वायुतंत्रज्ञाने लेखी दिल्यावरच ते उतरविले. दोन फूट चौरस जागा मिळाली आणि तेथे पेसाहचे कपाट झाले.

सर्वांत महत्त्वाची सूचना आरोग्याची. घर १९९० पूर्वीचे असल्यास जमिनीवरील जुने आच्छादन, त्याखालील डिंक किंवा भिंतींच्या सांध्यांचे लुकण यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. तोडफोडीपूर्वी नमुने तपासून घ्यावेत. ब्रिटिश कोलंबियात १ जानेवारी २०२४ पासून ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या ठेकेदारांस परवाना सक्तीचा आहे; तो पाहिल्याखेरीज काम देऊ नये. भार पेलणारी भिंत, नळ वा वीज यांत बदल करावयाचा असेल तर पालिकेत आधी चौकशी करावी. फोडणीचा वास ओढणारा पंखा घेताना तो हवा घराबाहेर टाकतो की गाळून पुन्हा खोलीतच सोडतो, हेही विचारावे. दुसऱ्या प्रकारचा पंखा आपल्या स्वयंपाकास पुरत नाही. आणि दोन मोऱ्यांस जागा नसल्यास एकाच मोरीत काय चालेल, हे ठेकेदारास न विचारता आपल्या रब्बींना विचारावे.

पेसाहला आपले पूर्वज 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे वर्षभर वापरात असलेले आंबट द्रवाचे भांडे. सणात त्यावर झाकण पडे, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यांचे एक भांडे आठ दिवस झाकले जाई. आमचे एक कपाट आठ दिवसच उघडते. २०२३ साली प्रांतात झालेल्या कायद्यामुळे जेथे एक घर होते तेथे अनेक घरे बांधता येऊ लागली आहेत आणि जुनी घरे पाडली जात आहेत. त्यांच्या जागी येणारी स्वयंपाकघरे सरळ भिंतींची असतील, मोठी असतीलच असे नाही. म्हणून नव्या वा जुन्या कोणत्याही घराचा आराखडा हाती घेताना, भिंती मोजण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपली भांडी मोजावीत, एवढीच आमची नम्र विनंती आहे.