ब्लॉक किती, यापेक्षा रक्त किती पुरतं?

अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘७० टक्के ब्लॉक’ असं दिसलं की घरात थेट स्टेंटच्या खर्चाची बोलणी सुरू होतात. पण ते माप नळीचं. तिच्या पुढच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का, हे न्यूक्लियर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘थॅलियम टेस्ट’ सांगते. (आता थॅलियमऐवजी बहुधा टेक्नेशियम वापरतात, नाव मात्र टिकून आहे.)

बसल्या जागी हृदयाची गरज माफक असते. मोठी नळी अरुंद झाली तरी पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. श्रमाच्या वेळी निरोगी हृदयाचा रक्तपुरवठा तीन-चार पट वाढू शकतो; इथे मात्र त्या वाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात, मग वाढणार कुठून? म्हणून पेशंटला ट्रेडमिलवर चालवतात आणि पुरता दम लागला की शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. त्यानंतरही मिनिटभर चालायचं. हे औषध रक्ताबरोबर स्नायूपेशींत शिरतं आणि तिथेच ठाण मांडतं. त्यामुळे पाऊण तासानं पेशंट गामा कॅमेऱ्याखाली निवांत पडलेला असला, तरी चित्र उमटतं ते धापा टाकण्याच्या क्षणाचं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं, त्यामुळे किरणोत्सार लवकर ओसरतो.

गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तर अ‍ॅडिनोसिनसारख्या औषधानं वाहिन्या रुंदावतात. कॅफिन नेमकं या औषधाची वाट अडवतं. तेव्हा ‘अर्ध्या कपानं काय होतंय’ म्हणून सकाळी चहा घेतला, तर तपासणी पुढे ढकलावी लागते.

श्रमातला रिकामा डाग विश्रांतीत काढलेल्या दुसऱ्या चित्रात भरला, तर तिथला स्नायू जिवंत पण उपाशी. भरला नाही तर बहुधा जुन्या अटॅकचा व्रण. डाव्या कप्प्याचे १७ भाग करून प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. साधारण १० टक्क्यांहून अधिक स्नायू उपाशी असेल तर आजार गंभीर मानतात.

एक चकवा आहे. कॅमेरा एका भागाची दुसऱ्याशी तुलना करतो. हृदयाच्या तिन्ही मुख्य नळ्या सारख्याच अरुंद असल्या तर सगळंच सारखं फिकं पडतं आणि चित्र फसवं स्वच्छ दिसतं. म्हणून श्रमात बीपी घसरलं का, डावा कप्पा फुगला का, हेही पाहावं लागतं.

रिपोर्ट गंभीर आला म्हणजे लगेच स्टेंट, असंही नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ पेशंट होते, भारतातलेही. स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते तीव्र दोष असूनही, औषधांसोबत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्यानं तीनेक वर्षांत मृत्यू वा अटॅक लक्षणीय कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं मात्र अधिक कमी झालं. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार अशक्त झालेले पेशंट त्यात घेतले नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा.