माळकऱ्याच्या यकृतातली चरबी

माझे धाकटे दीर माळकरी आहेत. दारू तर सोडाच, चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा-लसूणही येत नाही. अंगकाठी सडपातळ. गेल्या वर्षी नोकरीच्या ठिकाणी आरोग्य तपासणी झाली आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ असं छापून आलं. एका मामेभावाने डोळा मिचकावून विचारलंच, “काय बुवा, दशमीच्या रात्री कुठे असता?” दीर रागारागाने कागद घेऊन माझ्याकडे आले. मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवत असे. रोग्यांना तपासणारी डॉक्टर मी नव्हे, तरी आमच्या घराण्यातले रिपोर्ट आधी माझ्याच टेबलावर येतात. “वहिनी, मी कशाला हात लावत नाही. मग ही चरबी आली कुठून?”

‘तुपातून’ असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते खरं नाही. यकृत चरबी बाहेरून घेतं, तशीच साखरेपासून स्वतःही बनवतं. काही जाळतं, काही रक्तात सोडतं आणि उरलेली पेशींमध्ये बारीक थेंबांच्या रूपात साठवतं. या थेंबांच्या पृष्ठभागावर चरबी तोडणारं एक एन्झाइम काम करतं, एटीजीएल. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात रुडॉल्फ झेखनर यांच्या प्रयोगशाळेने त्याचं काम 2004 मध्ये दाखवून दिलं. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेतून पुढची गोष्ट कळली. एटीजीएल एकटं असलं तर रेंगाळत काम करतं. सीजीआय-58 नावाचं दुसरं प्रथिन त्याला येऊन चिकटलं की त्याचा वेग वाढतो. हे दुसरं प्रथिन स्वतः चरबी तोडत नाही. ते फक्त सोबत करतं.

सोबतीची किंमत किती असावी? काही मुलं जन्मतःच सीजीआय-58 शिवाय येतात. आजार फार दुर्मिळ आहे. त्यांच्या त्वचेवर खवले असतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींतसुद्धा चरबीचे थेंब दिसतात आणि यकृत चरबीने भरतं. एन्झाइम मात्र धडधाकट असतं. आमची पाठ्यपुस्तकं एन्झाइमचा आलेख काढतात, आकडे पाठ करून घेतात आणि सोबत्याला तळटीपेत बसवतात. मीही वर्षानुवर्षं तेच पुस्तक शिकवलं, पण खरी गंमत तळटीपेत आहे असं माझं ठाम मत आहे.

हा सोबती लक्षात ठेवून आता डॅलसला जाऊ. टेक्सासमधल्या या शहरात दोन हजारांहून जास्त लोकांच्या यकृतातली चरबी एमआरच्या तंत्राने मोजली गेली होती. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने जनुकांमधले नऊ हजारांवर फरक त्या मोजमापांशी ताडून पाहिले. 2008 मध्ये निकाल छापून आला आणि त्यात एकच फरक ठळकपणे उठून दिसत होता. पीएनपीएलए-3 नावाच्या प्रथिनात 481 अमिनो आम्लं असतात. त्यातल्या 148 व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन, एवढाच तो बदल. आई आणि वडील दोघांकडूनही बदललेली प्रत मिळाली असेल, तर यकृतातली चरबी सरासरीने दुपटीहून जास्त. हा बदल काही विरळा नाही. तिथल्या हिस्पॅनिक लोकांमध्ये जनुकाच्या प्रतींपैकी 49 टक्के प्रती बदललेल्या होत्या, युरोपीय वंशाच्यांत 23 टक्के, आफ्रिकी वंशाच्यांत 17 टक्के.

पीएनपीएलए-3 हेही चरबी तोडणाऱ्यांच्याच कुळातलं. तेव्हा पहिला तर्क साधा होता, की बदलामुळे ते निकामी झालं आणि म्हणून चरबी साठली. पण ज्या उंदरांमधून हे जनुक पार काढून टाकलं, त्यांची यकृतं ठणठणीत राहिली! म्हणजे प्रथिन नसल्याने काही बिघडत नव्हतं, बदललेलं प्रथिन असल्याने बिघडत होतं. उलगडा व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. 2015 मध्ये हाच बदल उंदरांच्या जनुकात घालून पाहिला, तेव्हा चरबीच्या थेंबांवर हे प्रथिन चाळीस पट साचलेलं आढळलं. जनुकाचा संदेश मात्र वाढलेला नव्हता. मग साचलं कसं? पेशी वापरून झालेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते आणि खूण लागलेली प्रथिनं मोडीत जातात. बदललेलं पीएनपीएलए-3 या खुणेला चुकवतं, हे 2017 मध्ये समजलं. थेंबावर ठाण मांडून ते काय करतं, हे 2019 मध्ये. ते सीजीआय-58 ला आपल्याकडे ओढून धरतं.

जोडीतला एक बैल शेजाऱ्याने आपल्या गोठ्यात बांधून ठेवला, तर उरलेला नांगर कितीसा ओढणार? एटीजीएलचं तसंच झालं. ते शाबूत आहे, जागेवर आहे, फक्त सोबती हिरावला गेला आहे. दिरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे माझा दोष नाही ना?” इतक्या सहज सुटका नाही, कारण बदल घातलेल्या त्या उंदरांच्या गोष्टीला एक शेपूट आहे. साध्या खाद्यावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात जादा चरबी झालीच नाही. भरपूर साखर घातलेल्या खाद्यावर मात्र ती दुप्पट-तिप्पट झाली.

इथे जनुकांच्या चालू-बंद होण्याचा भाग येतो. यकृतात एसआरईबीपी-1सी नावाचं एक नियंत्रक प्रथिन आहे. पेशीतल्या पडद्यावर दुसऱ्या दोन प्रथिनांनी त्याला जखडून ठेवलेलं असतं. जेवणानंतर इन्शुलिन वाढलं की ही पकड सुटते, त्याचा एक तुकडा कापला जातो, केंद्रकात शिरून डीएनएवर बसतो आणि चरबी बनवणारी जनुकं चालू करतो. पीएनपीएलए-3 चं जनुक याच यादीत आहे. उपाशी उंदराच्या यकृतात ते जवळजवळ गप्प असतं आणि खायला घातल्यावर उसळी मारतं. ज्याच्याकडे बदललेली प्रत आहे, त्याने दिवसभर साखर आणि पिष्ट खाल्लं की न मोडणारं प्रथिन भरभरून तयार होत राहतं.

मग मी दिरांचा उपवास तपासला. सकाळी साखरेचा चहा, साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याच्या गोड फोडी, केळी, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि पुन्हा चहा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे काही उगाच म्हणत नाहीत. विठ्ठलाला हा उपवास चालत असेल, इन्शुलिनला चालत नाही.

दिरांचं जनुक आम्ही तपासलेलं नाही. निकाल काहीही आला तरी आजच्या घडीला सल्ला तोच असतो, म्हणून ती तपासणी सरसकट सुचवत नाहीत. शिवाय आपल्याकडे सडपातळपणा फसवा असतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या 2010 च्या पाहणीत फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी 75 टक्के लोकांचा बीएमआय 25 च्या आत होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये 2004 साली छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के.

दिरांना सर्वांत धीर आला तो हेलसिंकीच्या एका छोट्या प्रयोगाने. 2011 मध्ये तिथे मोजक्या लोकांना सहा दिवस कमी उष्मांकाचा, कमी पिष्टाचा आहार दिला. ज्यांच्याकडे बदललेल्या दोन्ही प्रती होत्या, त्यांच्या यकृतातली चरबी 45 टक्के उतरली. साधं जनुक असलेल्यांची 18 टक्केच. वाईट जनुकवाल्यांना पथ्य जास्त फळलं.

औषधंही आता जनुकं चालू-बंद करण्याच्या वाटेने येत आहेत. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रेस्मेटिरोम यकृतातल्या थायरॉइड संवेदकाला लागतं. हा संवेदक डीएनएवर बसलेला असतो. औषध लागलं की जनुकं दाबणारी सोबती प्रथिनं दूर होतात आणि चालू करणारी येऊन बसतात. यकृताला सूज आणि मध्यम ते बऱ्यापैकी व्रणाचे तंतू (फायब्रोसिस) असलेल्या रुग्णांसाठी ते आहे, ग्रेड वनच्या प्रत्येक कागदासाठी नाही. पीएनपीएलए-3 चं जनुकच गप्प करणाऱ्या इंजेक्शनच्या सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांतही चरबी उतरलेली दिसली आहे.

तुमच्या हातात असा कागद आला असेल तर ग्रेडच्या आकड्याने घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. पुढचा धोका चरबीपेक्षा तंतूंवर ठरतो आणि त्याचा पहिला अंदाज घरी काढता येतो. वयाला रक्ततपासणीतल्या एसजीओटीने गुणा. प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे 2.4 लाख असतील तर 240, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागा. दिरांचं वय 52, एसजीओटी 38, एसजीपीटी 49, प्लेटलेट 2.4 लाख, म्हणून उत्तर 1.18 आलं. 1.3 च्या आत असलं की तंतूंचा धोका कमी मानतात, पासष्टीपुढे ही मर्यादा 2 धरतात. त्याच्या वर गेलात तर डॉक्टरांना तंतूंचा अंदाज देणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीबद्दल जरूर विचारा.