केसर आंबा: एकरी ४० कलमं लावू की ६७४?



यंदा केसर लावायचा म्हणणाऱ्या सभासदांचा पहिला प्रश्न एकच असतो, "साहेब, अंतर किती ठेवू?"

१० बाय १० मीटरला एकरी ४० कलमं बसतात, ५ बाय ५ ला साधारण १६० आणि ३ बाय २ च्या अतिघन लागवडीत ६७४. कलम १०० रुपयांचं धरा (तुमच्याकडचा भाव घालून बघा). नुसत्या कलमांना ४ हजार, १६ हजार आणि ६७ हजार ४०० रुपये लागतात. म्हणजे ५ बाय ५ पेक्षा अतिघनला ५१ हजार जादा, तेही पहिल्याच दिवशी. ठिबकच्या नळ्याही जास्त लागतात, ते वेगळंच.

आता हे ५१ हजार फिटणार कसे? खर्च वजा जाता किलोला ६० रुपये हातात पडले, तर साडेआठशे किलो आंबा, झाडामागे फक्त सव्वा किलो! नीट जोपासलेलं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी एवढं देतं. बरेच जण हिशोब इथेच थांबवतात आणि कलमं आणायला निघतात.

थांबा. छाटणी धरली का? आंब्याला मोहोर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. फळं उतरवून जूनअखेर छाटलं तर नवीन फूट थंडीपर्यंत पक्व होते. ऑगस्ट उजाडला तर त्या वर्षीच्या मोहोराची आशा कमीच. ६७४ झाडांना १०-१० मिनिटं म्हटली तरी १४ दिवसांची एका माणसाची मजुरी, आणि तीही नेमकी पेरणीच्या घाईत. दोन वर्षं छाटणी राहिली की फांद्या एकमेकींत घुसतात, आत ऊन जात नाही, फवारा पोचत नाही, फळ वर शेंड्यालाच. मग मधली झाडं तोडायची पाळी येते. कल्टार आहे ना, असं काही जण म्हणतात. कल्टार म्हणजे छाटणी नव्हे.

माझ्या मते, घरची दोन माणसं कात्री चालवणारी आणि उन्हाळ्यात पाणी खात्रीचं असेल तरच अतिघन करा, तेही आधी अर्ध्या एकरावर. बाकीच्यांना ५ बाय ५ बरं. आणि १० बाय १० ला जुनं म्हणून हसू नका, पहिली काही वर्षं मधल्या पट्ट्यात सोयाबीन-हरभरा घेता येतो, घर त्यावर चालतं.

अनुदान घ्यायचं असेल तर खड्डे घेण्याआधी योजनेत कोणतं अंतर बसतं ते कृषी सहाय्यकांना विचारा. कलमांची मागणी नोंदवताना क्षेत्र, पाण्याची सोय आणि छाटणीला घरची माणसं किती, हे तिन्ही याच नंबरवर लिहून पाठवा.