खालचा सूर कानी येईपर्यंत

‘यू स्टिल बिलीव्ह इन मी’ हे गाणं संपत आलेलं असतं. एकमेकांत मिसळलेल्या आवाजांची मोठी लाट उठते, आणि तिच्यातच सायकलचा भोंगा वाजतो. जुन्या सायकलींना असायचा तसा, रबरी फुगा दाबून वाजवायचा. हे गाणं मी चार-पाच वेळा तरी ऐकलं होतं, पण तोवर तो भोंगा मला ऐकूच आला नव्हता. एका रात्री हेडफोन लावून पडलो होतो, तेव्हा तो सापडला. मग वाटलं, या अल्बममध्ये अजून काय काय राहून गेलंय? त्या रात्री तो पुन्हा पहिल्यापासून लावला.

‘बीच बॉईज’ या कॅलिफोर्नियाच्या गटाचा हा अल्बम, ‘पेट साउंड्स’, १६ मे १९६६ रोजी आला. तेरा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं. त्याआधी या गटाची ओळख म्हणजे समुद्र, लाटांवरचे खेळ आणि मोटारी. गटाचा संगीतकार ब्रायन विल्सन तेव्हा २३ वर्षांचा होता. दौऱ्यांचा ताण असह्य झाल्यामुळे त्यानं गटाबरोबर फिरणं सोडलं होतं. १९६६च्या सुरुवातीला बाकीचे जपानच्या दौऱ्यावर असताना तो लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून नवी गाणी रचत होता. शब्दांसाठी सोबत होता टोनी अ‍ॅशर, मूळचा जाहिरातींसाठी लिहिणारा. वाजवायला हॅल ब्लेन, कॅरोल के यांच्यासारखे स्टुडिओतले कसलेले वादक होते. गट परतला तो या तयार वाद्यमेळावर गायला.

पहिल्यांदा ऐकताना हा अल्बम गोड वाटतो, थोडा उदास वाटतो, आणि हातून निसटून जातो. कारण आपला कान आधी चालीमागे आणि शब्दांमागे धावतो. ब्रायननं मात्र खरी करामत त्याखाली करून ठेवली आहे.

‘गॉड ओन्ली नोज’ घ्या. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकदम वाजून कॉर्ड तयार होते. साध्या पॉप गाण्यात बेस गिटार बहुतेक वेळा त्या कॉर्डचा मूळ स्वर धरते, त्यामुळे पायाखाली जमीन पक्की राहते. इथे बेस वारंवार मूळ स्वर सोडून कॉर्डमधल्या दुसऱ्याच स्वरावर उभा राहतो. तंबोऱ्याचा षड्ज ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला हे चटकन जाणवायला हवं, पण हे गाणं गाणाऱ्या कार्ल विल्सनचा आवाज इतका मोहक आहे की तिकडे लक्षच जात नाही. गाण्याचा ‘सा’ नेमका कुठे, याबद्दल जाणकारांतही दुमत आहे. प्रेमात भरभरून बोलणाऱ्या माणसाच्या मनातली अनिश्चितता त्या अधांतरी बेसमध्ये आहे. एकदा फक्त बेस धरून गाणं ऐका. शेवटी आवाज एकामागून एक येऊन गुंफले जातात, तिथे दर वेळी एकच आवाज पकडून त्याच्या मागे जा. एकाच गाण्याची तीन-चार गाणी होतात.

अल्बम पहिल्या ऐकण्यात निसटण्याचं दुसरं कारण ब्रायनच्या कानात होतं. त्याला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. त्यानं अल्बम मोनोमध्येच केला, म्हणजे सगळा ध्वनी एकाच वाटेनं येतो. दोन-तीन वाद्यं तो अशी एकजीव करायचा की त्यातून कुठल्याच एका वाद्याचा नसलेला नवा आवाज निघे. कोकाकोलाचे रिकामे डबे, पाण्याची मोठी रिकामी बाटली यांनाही त्यानं तालवाद्यांत बसवलं. अशी वीण एका ऐकण्यात उलगडत नाही. पूर्ण अल्बम स्टिरिओत यायला १९९७ उजाडलं.

१९६८मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी दाखवून दिलं की, अनोळखी शब्द आणि चिन्हं माणसांसमोर जितक्या जास्त वेळा येतात, तितकी ती आवडू लागतात. पण नुसत्या ओळखीनं सगळं उलगडत नाही. जाहिरातीची धूनसुद्धा ओळखीची होते, आणि पंधरा दिवसांत नकोशी होते. ओळख झाल्यावरही हाती लागायला काही शिल्लक असावं लागतं. ‘पेट साउंड्स’मध्ये ते उदंड आहे.

लोकांनाही वेळ लागला. इंग्लंडमध्ये अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पॉल मॅकार्टनी तर भारावून गेला, आणि ‘बीटल्स’च्या पुढच्या कामात त्याचा प्रभाव उतरला. पण मायदेशी तो दहाव्या क्रमांकावर थांबला, आणि दोनच महिन्यांत कंपनीनं गटाच्या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा संच बाजारात आणला. अमेरिकेत विक्रीसाठीची ‘गोल्ड’ मोहोर या अल्बमवर उमटली ती थेट २००० साली. २००४मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत त्याला जागा दिली. एका माणसाला लागतो तसाच एका देशालाही कान तयार करायला वेळ लागतो.

११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सन गेला. त्या आठवड्यात मी पुन्हा त्या भोंग्यापाशी आलो. तो तिथे का आहे, हे एव्हाना वाचून कळलं होतं. ते गाणं मुळात बालपणावरचं होतं, म्हणून त्यात सायकलची घंटी आणि भोंगा. पुढे शब्द बदलले, गाणं प्रेमाचं झालं. पण भोंगा वाद्यांच्या मूळ मुद्रणातच मिसळला होता, तो वेगळा काढता येईना. म्हणून चुकांची कबुली देणाऱ्या एका मोठ्या माणसाच्या गाण्यात शेवटी लहान मुलाची सायकल येते. इतके दिवस मला तो नुसता आवाज वाटत होता. आता तो वाजला की घसा दाटून येतो.