एवढ्याशा कामाला प्लंबर कशाला?

रविवारची सकाळ. चहा झालेला, पेपर हातात आणि न्हाणीघरातून टप्... टप्... असा आवाज. आठवडाभर हा आवाज कोणाच्या कानाला लागत नाही, पण रविवारी तो थेट डोक्यात घुमतो. मग घरातला कर्ता पुरुष (हल्ली कर्ती स्त्रीही) उठतो, माळ्यावरचा गंजका पाना शोधून काढतो आणि घोषणा करतो, "एवढ्याशा कामाला प्लंबर कशाला?"

मीही अशीच घोषणा केली होती. निमित्त झाले बादलीचे. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळाखाली रात्री १० वाजता सहज बादली ठेवली, तर सकाळी ६ ला ती निम्मी भरलेली! म्हणजे दिवसाकाठी दीड बादली पाणी गटारात. ज्यांच्या गावात दोन दिवसांआड पाणी येते, त्यांना हे सांगायचे तरी कोणत्या तोंडाने?

खरे तर काम अवघड नव्हते. चार वेढे फिरवून उघडणाऱ्या जुन्या नळाच्या पोटात रबराचा एक वायसर असतो. तो झिजला की नळ गळतो. आपण तो आणखी आवळतो आणि वायसरची बैठकही खराब करून ठेवतो. पाणी बंद करायचे, नळाचे डोके पान्याने सोडवायचे, जुना वायसर नमुन्याला घेऊन दुकान गाठायचे, की अर्ध्या तासात काम फत्ते. पाव वेढ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो. सिरॅमिकच्या चकत्या बसवलेला आतला भागच बदलावा लागतो. तोही घरी बदलता येतो, मात्र त्याच जातीचा मिळायला हवा. धार बारीक झाली असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी; बोअरच्या पाण्याचे क्षार सुटतात. एवढ्यासाठी कोणाला बोलावणे म्हणजे खरोखरच पैसे फेकणे.

पण माणसाला तेवढ्यावर समाधान नसते. मी म्हटले, वायसर कशाला, नळच नवा बसवू! आमची इमारत १९७८ सालची. भिंतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. ते आतून गंजत जातात आणि वर टाइल्स असल्याने कळत नाही. नळ फिरेना, म्हणून पान्यावर सगळा भार टाकला. नळ निघाला, पण भिंतीतल्या निपलचा तुकडा बरोबर घेऊनच! समोरच्या भिंतीवर पाण्याची धार. मी बंद केलेला कॉक स्वयंपाकघराचा होता, हे तेव्हा कळले. गच्चीवर धावलो, तर तिथला व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे कोणी न फिरवल्याने जाम. तेवढ्यात खालच्या वहिनी वर आल्या. "भावजी, आमच्या देवघरावर पाणी पडतंय!"

प्लंबर आला तो ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. या जिल्ह्यातले प्लंबर देशभर आहेत, आखाती देशांतही आहेत; तिथल्या पट्टामुंडाईला या विद्येची सरकारी संस्थाच आहे. त्याने आधी भोकात कापड गुंडाळलेली लाकडी गुट्टी ठोकली. धार थांबल्यावर मग माझ्याकडे पाहिले. "काका, जुना नळ अडला तर जोर लावायचा नसतो. तेल सोडायचं, हळूहळू ठोकायचं. तरी नाही आला तर सोडून द्यायचं." दोन टाइल्स फोडून त्याने नवा तुकडा जोडला. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर नळ आवळताना ती उलगडते, हेही त्याने दाखवले. वायसर दहा रुपयांचा. खालच्या छताच्या रंगासकट खर्च गेला चार आकड्यांवर.

"तासाभराचे एवढे पैसे?" असे आपण प्लंबरला सहज म्हणतो. डॉक्टरला कधी म्हणतो का? पैसे तासाचे नसतातच; कुठे जोर लावायचा नाही हे कळण्याचे असतात. अर्थात सगळेच प्लंबर असे नसतात. काम सुरू होण्यापूर्वी अंदाज विचारावा, बदललेला भाग मागून घ्यावा आणि टाइल्स बसवण्याआधी पाणी सोडून सांधा कोरडा राहतो की नाही, ते स्वतः पाहावे. यात संकोच कसला?

भिंतीच्या बाहेर जे दिसते, तिथवर आपला पाना चालवावा. भिंतीच्या आतले, गच्चीवरच्या टाकीचे आणि गीझरचे काम जाणकाराचे. गीझरला तर पाण्याबरोबर वीजही असते आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारून बंद करणे म्हणजे घरात बॉम्ब ठेवणे. तुंबलेल्या मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो.

त्या रविवारनंतर सोसायटीतले आम्ही चौघेजण गच्चीवर गेलो, सगळे व्हॉल्व्ह तेल घालून मोकळे केले आणि कोणता कोणाच्या घराचा, ते रंगाने लिहून ठेवले. फुटलेल्या टाइल्सच्या रंगाच्या मात्र कुठेच मिळाल्या नाहीत. आमच्या निळ्या न्हाणीघरात आज दोन पांढऱ्या टाइल्स आहेत. पाहुणे त्यांच्याबद्दल विचारतात, तेव्हा सौ. माझ्याकडे बघते आणि मी विषय बदलतो.