इसबगोल घ्या, पण पाण्याशिवाय नको!

निमगाव सावा आणि आसपासच्या गावांत आम्ही महिलांशी आरोग्यावर बोलायला बसतो, तेव्हा शुगर, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर सगळ्या मोकळेपणाने बोलतात. पोटाचा विषय मात्र बैठक संपल्यावर, चपला घालताना निघतो. "ताई, चार-चार दिवस होत नाही. झाली तर रक्त पडतं."

अशाच एका मावशींनी दुकानातून इसबगोल आणलं होतं. पोट आणखी गच्च झालं, म्हणाल्या. आम्ही विचारलं, "पाणी किती प्यायलात?" उत्तर आलं, "घोटभर. कांद्याच्या लागणीला दिवसभर रानात असतो. जायला आडोसा नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं."

खरं दुखणं इथे आहे.

इसबगोल हे गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या एका रोपाचं बी. त्यावरचं पातळ साल म्हणजे भुसी. ही भुसी पाणी शोषून फुगते, बुळबुळीत होते. आतड्यात ती फारशी पचत नाही, म्हणून मळ मऊ राहतो आणि पुढे सरकतो. पण पाणीच नसेल तर तीच भुसी घशात किंवा आतड्यात अडकू शकते.

घ्यायची कशी?

• सुरुवातीला दिवसातून एकदा, एक चहाचा चमचा. मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, घट्ट होऊ देऊ नये. वर आणखी पाणी प्यावं.
• कोरडी कधीच खाऊ नये. घेऊन लगेच आडवं होऊ नये.
• गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. पोट फुगलं तर प्रमाण कमी करावं.
• इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं.
• शुगर असणाऱ्यांनी साखर घातलेली चवीची पाकिटं टाळावीत आणि डॉक्टरांना सांगूनच सुरू करावं.

गिळायला त्रास होत असेल, पोटात जोराचं दुखून उलट्या होत असतील, तर इसबगोल घेऊ नये, दवाखाना गाठावा. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर 'मूळव्याध असेल' म्हणून अंगावर काढू नये. तपासणी करून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातूनच घ्यायला सांगते. ते आपल्या घरात आहेत: बाजरी-ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, हुलग्याची शेंगोळी, पालेभाजी, सालीसकट पेरू. गव्हाचं पीठ चाळून कोंडा फेकू नका. इसबगोल हा आधार आहे, जेवणाची जागा तो घेत नाही.

आणि भगिनींनो, शौचाला लागली की दाबून धरू नका, असं आम्ही सांगतो, तेव्हा जायचं कुठे, हेही आम्हालाच बोलावं लागेल. कामावर जाताना टोळीने मिळून शेतमालकाकडे दोन गोष्टी मागा: प्यायला पाणी आणि चार बांबूंना कापड लावलेला आडोसा. एकटीला मागायला लाज वाटते. दहा जणींनी मागितलं, तर नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल.