१२ वर्षं शेत कसलं की जमीन आपली? फोनमधला पुरावा किती टिकतो

दिवाळीत गावी गेलो तेव्हा कळलं, आमच्या बांधालगतची दोनेक गुंठे जागा शेजारचे काका कसतायत. चुलतभाऊ म्हणाला, "बारा वर्षं झाली की जमीन त्यांचीच होते." हे खरंय का? अर्धंच.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार खासगी जमिनीचा ताबा परत मागायला मालकाला १२ वर्षं मिळतात, सरकारला ३०. या काळात दावा लावला नाही, तर मालकाचा हक्कच संपू शकतो. याला प्रतिकूल ताबा म्हणतात.

पण तो सिद्ध करायची जबाबदारी ताबेदाराची. ताबा कोणत्या तारखेपासून आहे, तो उघड आणि सलग होता का, मालकाला ठाऊक होता का, हे सगळं त्यालाच दाखवावं लागतं. मालकाच्या परवानगीने, भाड्याने किंवा वाट्याने जमीन कसली असेल, तर कितीही वर्षं झाली तरी तो प्रतिकूल ताबा होत नाही.

आता आपल्या फोनकडे वळू.

सातबारा: महाभूलेखवर दोन मिनिटांत दिसतो. पीक कोणी घेतलं याचा अंदाज येतो, पण ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही.

उपग्रह चित्रं: गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मिळतात. शेत नांगरलेलं दिसतं, नांगरणारा दिसत नाही.

जीपीएस: खरी गोची इथे आहे. मोकळ्या आकाशाखालीही फोनचं लोकेशन काही मीटर चुकतं. १०० मीटर लांब बांधाला दोन गुंठे म्हणजे जेमतेम दोन मीटर रुंद पट्टा! ॲपमधला ठिपका हा वाद सोडवू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणीच हवी.

फोटो: मूळ फाईलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा. एक पिक्सेल बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ फाईल क्रॉप किंवा एडिट करू नका.

तुमची जमीन दुसरं कोणी कसत असेल, तर परवानगी कागदावर लिहून घ्या. वाद असेल, तर नुसत्या नोटिशीवर विसंबू नका. नोटीस पाठवल्याने १२ वर्षांचं घड्याळ थांबत नाही. वेळेत वकिलाला गाठा आणि दावा लावा.

आम्ही मोजणीचा अर्ज केलाय. काकांना आधी घरी जाऊन सांगितलं. मोजणीच्या दिवशी तेही हजर राहणार आहेत.